काशीत दीड दिवस नको, ब्रह्माघाटावर चार दिवस राहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की आपल्या अंकांतून यात्राकंपन्यांच्या जाहिराती झळकू लागतात. काशी, प्रयागराज, अयोध्या, जमल्यास विंध्याचल, पाच रात्री सहा दिवस. त्यात काशीच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. मुक्काम कँटोन्मेंट भागातल्या हॉटेलात, म्हणजे गंगेपासून चार-पाच किलोमीटरवर. संध्याकाळी दशाश्वमेधाची आरती, पहाटे विश्वनाथाची रांग, दुपारी सारनाथ आणि मधेच साडीच्या दुकानात न मागितलेला थांबा. घरी आल्यावर माणसे सांगतात, 'काशी म्हणजे नुसती गर्दी आणि घाण.' त्यांचे खोटे नसते. काशी ज्या चार ठिकाणी आणि ज्या चार वेळांना सर्वांत तुंबलेली असते, नेमकी तेवढीच त्यांना दाखवलेली असते.

मराठी माणसाने काशीला जायचे तर आधी मुक्कामाची जागा बदलावी, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र. चांगले हॉटेल शोधा असे म्हणत नाही, मोहल्ला बदला.

विश्वनाथाकडून उत्तरेला निघाले आणि मणिकर्णिका हा दहनाचा घाट ओलांडला की शिंदेघाट, संकटाघाट, भोसलेघाट, रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट असे घाट ओळीने लागतात. नावांवरूनच कळावे की इथे आपली माणसे कधीचीच येऊन राहिली आहेत. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट अठराव्या शतकात बांधून घेतले. भोसलेघाट नागपूरकरांचा. शिंदेघाट बायजाबाईंनी उभारला आणि तो आपल्याच भाराने खचला. नंतर दुरुस्त झाला, पण त्याच्या कडेचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही कललेले दिसते. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये पुन्हा बांधले, हे तर शाळेतली मुलेही सांगतील. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचेच. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. एकनाथांनी आपले भागवत शके १४९५ मध्ये पूर्ण केले तेही काशीत. हिंदी पत्रकारितेचे भीष्म म्हणून ज्यांचे नाव घेतात ते बाबुराव विष्णु पराडकर इथल्याच मराठी घरातले. मैदागिनजवळ पत्रकारांची जी वास्तू आहे तिला त्यांचेच नाव आहे.

या घाटांच्या माथ्यावरची दाट दगडी वस्ती म्हणजे 'पक्का महाल'. बंगाल्यांचा बंगाली टोला, दक्षिणेकडच्यांचा हनुमानघाट, नेपाळ्यांचा ललिताघाट, तसा मराठी माणसांचा ब्रह्माघाट-दुर्गाघाट. पुष्कळ घरे आता शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत गेली. तरी वेदपाठशाळा, तीर्थोपाध्यायांचे वाडे, गणेशोत्सव आणि दारावरच्या पाट्यांवरची जोशी, दीक्षित, पाटणकर अशी आडनावे टिकून आहेत. रामघाटाच्या सांगवेद विद्यालयात आजही वेदांचे अध्ययन चालते. इथल्या मराठीला हिंदीची चाल आहे. 'आम्ही तिकडून येऊन राहिलो' असे कोणी म्हणाले तर ते 'राहिलो' अडीचशे वर्षांपूर्वीचे असू शकते, हे ध्यानात घ्यावे आणि 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न दुसऱ्या भेटीसाठी ठेवावा.

आता पत्ता. आरक्षण करताना 'गंगेजवळ, घाटापासून दोन मिनिटे' यावर विसंबू नये, घरक्रमांक विचारावा. काशीतला घरक्रमांक अक्षराने सुरू होतो आणि ते अक्षर भाग सांगते. 'के.' म्हणजे कोतवाली, 'सी.के.' म्हणजे चौक, 'डी.' म्हणजे दशाश्वमेध, 'बी.' म्हणजे भेलूपूर, ज्यात अस्सी, भदैनी आणि केदारघाटाकडचा भाग येतो. अक्षरापुढचा आकडा गटाचा आणि तिरप्या रेघेनंतरचा घराचा. बिंदुमाधवाचे देऊळ के. २२/३७, मंगलागौरीचे के. २४/३४, विश्वनाथ 'सी.के.' भागात. म्हणजे पत्ता 'के. २२' किंवा त्याच्या आसपासचा असेल तर आपण पंचगंगा-दुर्गाघाटाच्या पंचक्रोशीत आहोत. 'बी.' असेल तर मालक कितीही गोड बोलो, आपण पंचगंगेपासून घाटांवरून पाऊण ते दीड तासाच्या चालीवर आहोत. अस्सी वाईट नाही. पण तिथला कॉफीचा कप आणि गिटार पुण्यातही मिळते.

पोहोचण्यातली पहिली चूक स्टेशनात होते. वाराणसी जंक्शन, ज्याला सगळे 'कैंट' म्हणतात. बनारस, म्हणजे २०२१ पर्यंतचे मंडुवाडीह. राजघाटाजवळचे छोटे काशी. आणि नदीपलीकडचे पंडित दीनदयाळ उपाध्याय, म्हणजे जुने मुगलसराय. तिकिटावर यांपैकी कोणते आहे ते नीट पाहावे, कारण मुगलसरायला उतरलो तर पुढे पूल ओलांडून पंधरा-सोळा किलोमीटर यायचे असते. ब्रह्माघाटासाठी कैंट आणि बनारस दोन्हीकडून ई-रिक्षाने मैदागिन गाठावे. 'विश्वनाथ मंदिर' असे म्हटले की चालक गोदौलियाच्या बाजूला नेतो, तिथे गर्दीच्या वेळी वाहने अडवतात आणि सामानासकट दोन किलोमीटर उलटे चालावे लागते. म्हणून 'मैदागिन चौराहा' असेच सांगावे. तिथून काळभैरवाची गल्ली धरली की दहा-पंधरा मिनिटांत ब्रह्माघाट. वाटेत काशीच्या कोतवालाचे, म्हणजे काळभैरवाचे दर्शनही होऊन जाते. जुन्या रिवाजाप्रमाणे काशीत आलेल्याने आधी काळभैरवाला हजेरी लावायची असते, तो असा आपोआप पाळला जातो.

चाकांची बॅग आणू नये. गल्लीत दगडी फरशी आहे, फरशीला फटी आहेत, मधे गटाराची झाकणे आहेत, शेण आहे आणि दर वळणावर तीन-चार पायऱ्या आहेत. चाके पहिल्या शंभर पावलांत निकामी होतात आणि मग तीच बॅग उचलून न्यावी लागते. पाठीवरची पिशवी, तीही दहा किलोच्या आत. ज्येष्ठांचे सामान जास्त असेल तर यजमानाला आधी कळवून मैदागिनला माणूस बोलवावा आणि मजुरी फोनवरच ठरवावी. गुडघे दुखत असतील त्यांनी खोली कितव्या मजल्यावर आहे हे जरूर विचारावे. जुन्या वाड्यांचे जिने उभे, अंधारे, आणि पायरी फूटभर उंच. लिफ्ट हा शब्द विसरावा.

गल्लीत नकाशा दाखवणारा फोन दगा देतो. चार-चार मजली भिंतींच्या मधल्या पाच फुटांत उपग्रहाचा माग हरवतो आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. इथे घाटाच्या नावाने न विचारता देवळाच्या नावाने विचारावे. 'बिंदुमाधव किधर पड़ेगा?' याला हातवाऱ्यासकट उत्तर मिळते. दिशेचा ढोबळ नियम असा: पायऱ्या उतरत गेल्या की घाट, चढ लागला की वस्ती. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. म्हणून पाण्याकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात विश्वनाथ-अस्सीकडे आणि डावा राजघाटाच्या पुलाकडे. एवढे पाठ केले की हरवणे अशक्य, आणि हरवलो तरी घाटावर उतरून पुन्हा सुरुवात करता येते.

गल्लीचे वाहतुकीचे नियम लिहिलेले नाहीत, पण आहेत. सांड आला की भिंतीला टेकून त्याला वाट द्यायची. हाकलायचे नाही, पाठ थोपटायची नाही. मोटारसायकलचा भोंगा मागून आला की उजवी-डावी न करता जिथे आहोत तिथेच अंग चोरायचे. चालवणाऱ्याने आपली जागा आधीच हेरलेली असते, गोंधळ आपल्या हलण्याने होतो. 'राम नाम सत्य है' ऐकू आले की जवळच्या ओट्यावर चढून तिरडी जाऊ द्यायची. फोन खिशातच. ओटा, म्हणजे इथला चबुतरा, घराचाच भाग असतो. बसण्यापूर्वी विचारले तर बहुधा चहाही येतो.

काशी समजते ती वेळेवरून. पहाटे पाचला पंचगंगेवर या. इथे गंगेला यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा मिळतात अशी श्रद्धा आहे. बाकीच्या चार डोळ्यांना दिसत नाहीत, आणि तसे कोणी दाखवायला आले तर पैसे देऊ नयेत. या वेळी दशाश्वमेधावर लाउडस्पीकर असतो, इथे धुणी आपटल्याचा आणि स्तोत्रांचा आवाज असतो. स्नान करायचे तर छत्रीखाली पाट टाकून बसलेल्या घाटियाकडे कपडे, चष्मा, किल्ल्या ठेवाव्यात. हा त्याचा पिढीजात व्यवसाय आहे. तो सामान राखतो, नंतर आरसा, कंगवा आणि गंध देतो, आणि त्याला थोडी दक्षिणा द्यायची. बाहेरगावचे लोक त्याला लुबाडणारा समजून टाळतात, सामान पायरीवर ठेवतात आणि ते माकडे नेतात. संकल्प सांगायचा असेल तर रक्कम आधी ठरवावी. नुसते सामान राखायचे असेल तर तसे स्पष्ट बोलावे. पाण्यात शेवटच्या दिसणाऱ्या पायरीच्या पुढे जाऊ नये. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि पुढे एकदम खोल होते. जिथे साखळी बांधलेली आहे तिथेच उतरावे. साबण वर, नळावर.

स्नान झाले की वर बिंदुमाधव. मूळचे मोठे देऊळ औरंगजेबाच्या काळात पडले, त्या जागी मशीद उभी राहिली. तिचे उंच मिनार लोकांच्या तोंडी 'माधव का धरहरा'च राहिले. ते मिनार आता नाहीत, नाव आहे. आजचे साधेसे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले. बाहेरून वाडाच वाटतो, म्हणून लोक पुढून निघून जातात. जवळच बालाजीचे देऊळ, जिथे उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे सनईचा रियाज करीत. मंगलागौरी पलीकडच्याच गल्लीत.

सात वाजले की कचौडी. आपल्याकडच्या कोरड्या कचोरीची अपेक्षा ठेवू नये. ही उडदाच्या डाळीची पिठी भरलेली पुरी असते, सोबत हिंग घातलेली बटाट्या-हरभऱ्याची पातळ भाजी, कांदा-लसणाशिवाय, आणि शेवटी दोन जिलब्या. कढई पहिल्यांदा तापल्यापासून दोन तासांत खावी. दहानंतर भाजी आटते, तेल काळवंडते आणि अकराला दुकान झाडून होते. दुकान कोणते, हा प्रश्न वायफळ. ज्याच्यासमोर शाळेत निघालेली मुले आणि देवळातून आलेले म्हातारे दोन्ही उभे आहेत, ते. चुडामटर थंडीत हमखास खावे. पोहेच, पण हळद-मोहरीशिवाय, साजूक तुपात, कोवळ्या मटारांबरोबर. कोणाशी वाद घालायचा नसेल तर 'आमच्या पोह्यांसारखे' असे मोठ्याने म्हणू नये.

मलइयोबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे हमखास चुकते. दूध आटवून रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात. पहाटे त्यात साखर, केशर, वेलची घालून घुसळतात आणि वर येणारा फेस तेवढा काढून कुल्हडात देतात. वरून पिस्ते. हा फेस थंडीवर उभा असतो. ऊन चढले की बसतो, म्हणून चौखंबा, ठठेरी बाजार, गोपाल मंदिराच्या गल्लीत तो सकाळी मिळतो आणि दुपारपर्यंत संपतो. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही कडक थंडीत खरा. मार्चमध्ये किंवा संध्याकाळी 'मलइयो' म्हणून जे पुढे येते ते बहुधा फेटलेली मलई असते, जड आणि गोडमिट्ट. खरा मलइयो तोंडात टाकला की जिभेला काही लागण्याआधी विरतो. कुल्हड संपले की दुकानदार त्यात थोडे केशरी दूध ओततो. ते न घेता उठू नये, किमतीतलेच असते.

दुपारी बारा ते चार काही करू नये. दुकाने अर्धी मिटतात, घाटाचे दगड तापतात, माणसे झोपतात. यात्राकंपन्या नेमक्या याच वेळी माणसांना उन्हातून फिरवतात. विश्वनाथाला जायचे तर सोमवार सोडून, आणि मोबाईल, घड्याळ, पेन, चार्जर, पिशवी सगळे खोलीवर ठेवून. आत यातले काही नेता येत नाही. बाहेरची दुकाने 'लॉकर फुकट' म्हणतात आणि प्रसादाच्या परडीत ते फुकट वसूल करतात. खोली मोहल्ल्यात असल्याचा हा मोठा फायदा. खिशात थोडे पैसे आणि ओळखपत्र घेऊन घाटांवरून चालत अर्ध्या तासात पोहोचता येते. पाणी उतरलेले असेल आणि तो दरवाजा चालू असेल तर ललिताघाटाच्या पायऱ्यांवरून थेट आवारात शिरता येते. नवे आवार १३ डिसेंबर २०२१ ला खुले झाले. त्यासाठी आजूबाजूची पुष्कळ घरे गेली, हे इथे राहणारी माणसे वेगवेगळ्या सुरांत सांगतात. ते ऐकून घ्यावे, निकाल देऊ नये.

वाटेत मणिकर्णिका लागते. तिथे छायाचित्र नाही, चित्रफीत नाही, दुरूनही नाही. 'वरच्या गच्चीवरून दिसेल, या' म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये. गच्चीवर गेल्यावर 'निराधारांच्या चितेसाठी लाकूड' म्हणून किलोच्या हिशेबाने पैसे मागतात आणि घेरून उभे राहतात. न थांबता, हात जोडून पुढे निघावे. अंत्यसंस्कार हे इथले प्रेक्षणीय स्थळ नाही. मोहल्ल्यातल्या माणसांसाठी ती रोजची वाट आहे, आणि तेही तसेच पुढे निघतात.

चारनंतर पुन्हा जीव येतो. टमाटर चाट ही काशीची स्वतःची चीज. तव्यावर टोमॅटो, बटाटा, आले, मसाला तुपात चेचतात, दोन्यात, म्हणजे द्रोणात, काढून वर जिऱ्याचा गोड पाक आणि नमकीन. गरम खावी. नंतर पान. बनारसी पानाला एप्रिल २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण पान येते बरेचसे बिहारकडून. मगही पान छोटे, कोवळे, पिकवून फिकट केलेले. इथला रसिक गुलकंद-खोबऱ्याचे गोड पान खात नाही. तो चुना, काथ, सुपारी एवढ्यावर थांबतो आणि पान चावत नाही, गालात विरघळू देतो. तंबाखू नको असेल तर 'बिना जर्दा' हे दोन शब्द ऑर्डरच्या आधी बोलावेत. विडा गालात असताना बनारसी माणूस बोलतो तेव्हा मान वर करतो. तो शिष्टपणा नव्हे, सांडू नये म्हणून.

भांगेबद्दल एकच. ठंडाई मागताना 'बिना विजया' म्हणावे, नाहीतर गृहीत धरले जाते. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांची चूक ठरलेली असते. अर्ध्या तासात काही झाले नाही म्हणून दुसरा पेला घेतात. अंमल एक-दोन तासांनी चढतो, तोही दोन्ही पेल्यांचा मिळून.

दशाश्वमेधाची आरती एकदा पाहावी, पण नावेतून पाहताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी. नावा एकमेकींना खेटून बांधल्या जातात आणि आरती संपून सगळ्या सुटेपर्यंत आपली नाव हलत नाही. लहान मुले आणि मधुमेही यांनी पायऱ्यांवर बसलेले बरे. नौकाविहार करायचा तर पहाटे, अस्सीवरून पंचगंगेपर्यंत. प्रवाह उत्तरेकडे असल्याने ही उताराची दिशा आहे, वल्ह्याची नाव निवांत येते. भाडे ठरवताना चार गोष्टी एकदमच बोलाव्यात: कोणता घाट ते कोणता घाट, किती वेळ, वल्ह्याची की इंजिनाची, आणि रक्कम माणशी की नावेची. 'माणशी' हा शब्द उतरताना उगवतो आणि चौघांचे भांडण होते. नावाड्याला प्रवाहाविरुद्ध रिकामे परत जायचे असते, त्यामुळे एकेरी भाडे निम्मे होत नाही. ते मागूही नये.

आता कधी जावे, आणि इथे आपले पंचांग आपल्याला फसवते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून त्यांचा श्रावण आपल्या आषाढ वद्यात सुरू होऊन राखीपौर्णिमेला संपतो. आपला श्रावण वद्य पक्ष धरून गेलात तर तिथे भाद्रपद चालू असतो. त्यांचा कार्तिक कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी लागतो. त्या महिनाभर पंचगंगेवर उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या करंड्यांतून आकाशदिवे चढवतात, पितरांच्या वाटेसाठी. माझ्या मते काशीतले सर्वांत सुंदर दृश्य हेच, आणि त्याला तिकीट नाही, मंडप नाही, निवेदक नाही. आपण दिवाळी उरकून, आपला कार्तिक धरून निघतो तेव्हा त्यातले पंधरा दिवस गेलेले असतात. त्रिपुरी पौर्णिमेनंतर गेलात तर करंड्या उतरलेल्या.

त्याच पौर्णिमेला काशीची देवदिवाळी. ती मुळात पंचगंगेचीच. तिथल्या दगडी हजारा दीपस्तंभाचे श्रेय अहिल्याबाईंना देतात. पण महाराष्ट्रात कॅलेंडर 'देवदिवाळी' म्हणून दाखवते ती मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, म्हणजे सोळा दिवसांनंतरची. त्या तारखेचे तिकीट काढले की पोहोचल्यावर घाटावर नेहमीचे दिवे. उलट पौर्णिमेच्या दिवशी जायचे असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्यावी आणि त्या रात्री दर अनेक पटींनी वाढतात हे गृहीत धरावे. शांत मोहल्ला हवा असेल तर पौर्णिमेच्या आठ दिवस आधी या. आकाशदिवे असतात, गर्दी नसते.

डिसेंबरची अखेर ते जानेवारीचा मध्य धुक्याचा. गाड्या तासन् तास रखडतात, सकाळच्या नावा उशिरा सुटतात. परतीचे विमान गाडीला चिकटून ठरवू नये. फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. जुलै ते सप्टेंबर गंगेचा. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, इशाऱ्याची त्याखाली एक मीटर. १९७८ मध्ये पाणी ७३.९० पर्यंत चढले होते. पण त्याच्या कितीतरी आधीच घाट एकमेकांपासून तुटतात, नावा बंद होतात आणि एका घाटावरून दुसरीकडे जायला गल्ल्यांचाच वळसा उरतो. पूर ओसरला की पायऱ्यांवर पुरुषभर गाळ बसलेला असतो. तो पंपाने धुऊन काढायला पुढचे कित्येक आठवडे जातात.

साडी घ्यायचीच असेल तर रिक्षावाल्याच्या किंवा मार्गदर्शकाच्या ओळखीच्या दुकानात नव्हे. त्याचे कमिशन आपल्याच बिलात असते. साडी उलटी करून पाहावी. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र भरलेली, मागे लोंबते धागे नाहीत. फेकुआत धागा बुट्टीबुट्टीतून ओढलेला, मग कापलेला, मागून खरखरीत. दोन्ही बनारसीच, पण मेहनत आणि किंमत सारखी नसते. विणकरांच्या मदनपुरा, पिली कोठीकडे शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी जाऊ नये.

एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. आपण सगळेच मोहल्ल्यात उतरू लागलो तर मोहल्ला राहील का? राहत्या वाड्यांची अतिथीगृहे होताहेत, चौकातल्या तुळशीच्या जागी स्वागतकक्ष येतोय. म्हणून शक्यतो जिथे कुटुंब राहते आहे अशाच घरात खोली घ्यावी, तीन-चार रात्री सलग घ्यावी आणि घरचे नियम पाळावेत. बहुतेक ठिकाणी मांसाहार व मद्य नाही, रात्री दहाला दार बंद, गच्चीचे दार माकडांमुळे सतत कडी लावून, आणि वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे. आवाज गल्लीत फार घुमतो. दुसऱ्या मजल्यावरचे फोनवरचे बोलणे चार घरे ऐकतात. भाडे रोख देण्याआधी पावती मागायला संकोच नको.

आपल्या प्रवास-पुरवणीला एक विनंती. काशीवरील मजकुरात 'पाहण्यासारखी दहा ठिकाणे' छापण्याऐवजी तिथल्या महिन्यांच्या तारखा आपल्या तिथींसमोर मांडून एक चौकट द्यावी. आणि यंदा कोणी 'देवदिवाळी विशेष काशीयात्रा' अशी जाहिरात घेऊन आले, तर छापण्यापूर्वी त्यांना तारीख विचारून घ्यावी: आपली देवदिवाळी की त्यांची?

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे